आत्याच्या घराचं जोतं

आज घणसोलीत आत्याचं जुनं घर उतरवलं. सकाळपासून तिथेच होतो.

कौलं काढताना एकावर 'बासेल मिशन टाइल वर्क्स' आणि १८६५ असं उठावात दिसलं. पोरं ओरडली, "घर दीडशे वर्षांचं!" तसं नाही. ते साल मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचं, नंतरच्या कौलांवरही तेच छापलं जायचं. घराचं वय कौलापेक्षा भिंत बरी सांगते. पडवीची भिंत फोडली तर आत कारवीच्या काठ्यांचा कूड, वर माती. आणि मातीत तूस! हातात चुरला, भाताचे कोंडे अजून सोनेरी. आपल्याच खारजमिनीतला भात असणार. बांध घालून, उघाडीने, म्हणजे बांधातल्या झडपेने, खाडीचं पाणी आवरून पिकवलेला.

१९७० साली सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ आलं, ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादनात गेल्या. शेत गेलं, खळं गेलं, पण त्या भाताचा तूस भिंतीत राहिला होता.

आत्या जोत्याच्या दगडावर बसून होती. म्हणाली, "उखळाला हात लावू नका रे, ते मी नेणार."

चौघांनी मिळून उचललं. तूस मी रुमालात बांधून आणलाय.