न दिसणारा हायड्रोजन

मंगळवार, रात्री साडेअकरा. रामबाग, इंदूर.

शनिवारी, तब्बल सतरा दिवसांनी, बीकरमध्ये ऑक्झॅलिक आम्ल आणि अ‍ॅनिलीन यांच्या क्षाराचे स्फटिक धरले. या पावसाळी हवेत द्रावण आटतच नव्हतं. मागच्या खेपेला झाकणाला भोकं जास्त पडली आणि दोन दिवसांत तळाशी नुसती पांढरी भुकटी उरली. तेव्हा रडूच आलं होतं. या वेळी सुईने मोजून तीन भोकं पाडली.

सूक्ष्मदर्शकाखाली एक स्फटिक वेगळा काढला, अर्धा मिलिमीटरही नसेल. ध्रुवित प्रकाशात हळूहळू फिरवला तर एकदम अख्खा काळा झाला, आणि नव्वद अंशांवर पुन्हा. जोडस्फटिक, म्हणजे दोन स्फटिक एकमेकांत वाढलेले, असता तर एखादा भाग उजळच राहिला असता. केवढा आनंद झाला!

आज क्ष-किरणांनी मोजलेल्या, अणूंमधल्या अंतरांचा तक्ता हाती आला. ऑक्झॅलिक आम्ल एक भाग, अ‍ॅनिलीन दोन भाग घेतलं होतं. आम्लाचे दोन्ही प्रोटॉन (इलेक्ट्रॉन गमावलेले हायड्रोजन) अ‍ॅनिलीनच्या नायट्रोजनकडे जातील असं मी धरून चालले होते. पण हायड्रोजनजवळ इलेक्ट्रॉन एकच, त्यामुळे क्ष-किरणांना तो जेमतेम दिसतो. इथल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनचा प्रकाशही शेवटी क्ष-किरणच. हायड्रोजनचं केंद्रक नीट पाहायचं तर न्यूट्रॉन हवेत, म्हणजे ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी, आणि स्फटिकही याहून कितीतरी मोठा. मग शेजारच्या अणूंना विचारायचं: प्रोटॉन गेला की त्या टोकाची दोन्ही कार्बन-ऑक्सिजन अंतरं सारखी होतात. एका टोकाला कार्बन-ऑक्सिजन अंतरं १.२५ आणि १.२४ अँगस्ट्रॉम (अणूंची अंतरं मोजायचं एकक), जवळजवळ सारखी: इथला प्रोटॉन गेला. दुसऱ्या टोकाला १.२१ आणि १.३०: इथला अजून घरातच आहे!

तक्ता दोनदा तपासला, मग कारण लक्षात आलं. आम्लाचे पीकेए (आकडा जितका लहान, तितका प्रोटॉन सहज सुटतो) १.२५ आणि ४.२७, अ‍ॅनिलिनियमचा, म्हणजे प्रोटॉन घेतलेल्या अ‍ॅनिलीनचा, ४.६. पहिला प्रोटॉन सहज सुटतो. दुसऱ्याच्या वेळी ओढ जवळपास बरोबरीची. हे आधीच सुचायला हवं होतं.

जो राहिला, त्यानेच सगळी रचना बांधली आहे. एका ऋणायनाचा (एक प्रोटॉन गमावलेल्या आम्लाचा) ओ-एच पुढच्या ऋणायनाच्या ऑक्सिजनला धरतो, अंतर जेमतेम २.५६ अँगस्ट्रॉम, आणि अशी साखळी स्फटिकभर चालत जाते. अ‍ॅनिलिनियमच्या नायट्रोजनवरचे तीन हायड्रोजन आजूबाजूच्या साखळ्या एकमेकींना बांधतात. पडद्यावर ते चित्र फिरवत मी किती वेळ बसले, कळलंच नाही.

जेवायला अळूचं फदफदं होतं. आई म्हणाली, "चिंच जरा जास्तच घातलीय गं, मागच्या वेळी घसा खवखवला होता ना." त्या खाजेमागेही ऑक्झॅलेटच, कॅल्शियमचं, सुयांसारखं. तिला आजचं चित्र मोबाइलवर दाखवलं. चष्मा लावून तिने ते नीट पाहिलं आणि विचारलं, "यात तुझा हायड्रोजन कुठला?"

उद्या अ‍ॅनिलीनच्या जागी बेंझिलअमाइन लावते. त्याच्या आयनाचा पीकेए ९.३ च्या आसपास, तिथे दुसराही प्रोटॉन सुटायला हवा. भोकं तीनच.