डीएफमध्ये ९७ टक्के

पहिल्याच रीबूटला सर्व्हर विनातक्रार उठला. अ‍ॅप्लिकेशन सुरू झालं, लॉग स्वच्छ होता. मी टीमच्या ग्रुपवर 'मायग्रेशन झालं' असं टाकलं आणि नोंदी लिहायला बसले. नोंदींसाठी आकडा हवा म्हणून डिस्क किती भरली हे दाखवणारी डीएफ कमांड मारली, तर रूट फाइलसिस्टिम ९७ टक्के भरलेली.

पोटात गोळाच आला. नवी डिस्क जुनीच्या तिपटीहून मोठी होती.

मेनफ्रेमवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या झेड-व्हीएमखाली चालणारा हा लिनक्स सर्व्हर जुन्या स्टोरेजवरून नव्यावर न्यायचा होता. जुनी बूट डिस्क ०२०० या पत्त्यावर, १०,०१७ सिलिंडरची (सिलिंडर हे डिस्कवरच्या जागेचं माप), म्हणजे फॉरमॅट केल्यावर जेमतेम सात जीबी. नवी ०३०० वर, ३२,७६० सिलिंडरची. दोन्ही ३३९० प्रकारच्या. मूळ ३३९० ही मेनफ्रेमची डिस्क १९८९ सालची. ते यंत्र केव्हाच इतिहासजमा झालं, पण आजच्या स्टोरेजमध्ये आत फ्लॅश असली तरी मेनफ्रेमला ती ३३९० म्हणूनच दिसते आणि आम्ही अजूनही सिलिंडरच मोजतो. मला याचं फार अप्रूप आहे.

तयारी नीट केली होती. डिस्क ऑनलाइन घेऊन डॅस्डीएफएमटी कमांडने ४०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये फॉरमॅट केली, पार्टिशन पाडलं, अ‍ॅप्लिकेशन थांबवून आरसिंक कमांडने सगळं कॉपी केलं. सीएचरूटने नव्या डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्या फाइलीत, नवा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख-क्रमांक) घातला आणि झिपल हे बूटची तयारी करणारं टूल चालवलं. नुसत्या फाइली कॉपी करून इथे भागत नाही. कर्नल डिस्कच्या नेमक्या कुठल्या ब्लॉकवर आहे याची यादी झिपल लिहून ठेवतं, आणि बूट होताना तीच वाचली जाते.

चूक त्याच्यापुढे झाली होती. लिनक्समधून रीबूट दिला की मशीन आधी ज्या डिस्कवरून उठलं होतं तिथूनच पुन्हा उठतं. ते बदलायची कमांड वेगळी आहे, आणि ती मी दिलीच नव्हती. सर्व्हर ०२०० वरून उठून वीस मिनिटं जुन्या डिस्कवर नवा डेटा लिहीत होता. मी ग्रुपवरचा मेसेज मागे घेतला, अ‍ॅप्लिकेशन पुन्हा थांबवलं आणि आरसिंक पुन्हा चालवलं. या वेळी बूट, एफएसटॅब आणि झिपलची कॉन्फिग वगळून, नाहीतर केलेले बदल पुसले गेले असते.

मग सर्व्हर शटडाउन करून झेड-व्हीएमच्या कन्सोलवरून थेट ०३०० आयपीएल केली, म्हणजे तिच्यावरून बूट केलं. ३२७० टर्मिनलचा स्क्रीन भरला की खाली उजव्या कोपऱ्यात 'मोअर' येतं आणि क्लिअर की दाबली की लगेच पुढचं दिसतं. मी दाबत गेले. कर्नल नव्या डिस्कवरून आला होता. तिथून पुढे मात्र बराच वेळ शांतता, आणि शेवटी बूटच्या सुरुवातीचं काम पाहणाऱ्या ड्रॅकटचा इमर्जन्सी शेल. रूट सापडत नव्हतं.

कर्नल पॅरामीटर वाचले तेव्हा उलगडा झाला. रूटचा यूयूआयडी नवा होता, पण कुठली डिस्क आधी ऑनलाइन आणायची हे सांगणाऱ्या आरडी-डॅस्डीसमोर अजून ०२०० च होतं. म्हणजे सुरुवातीला फक्त जुनी डिस्क ऑनलाइन येत होती आणि रूट होतं ०३०० वर. आधी सीआयओ-इग्नोरच्या, म्हणजे कर्नलने दुर्लक्ष करायच्या डिव्हाइसच्या, यादीतून ०३०० मोकळी केली, मग सिसएफएसमध्ये तिच्या ऑनलाइन फाइलीत १ लिहून ती चालू केली. शेलमधून बाहेर पडताच बूट पुढे सरकलं. लॉगिन मिळाल्यावर पॅरामीटर दुरुस्त करून झिपल पुन्हा चालवलं. डीएफ: तीस टक्के.

या वेळी ग्रुपवर काही न लिहिता झेड-व्हीएम सांभाळणाऱ्या सरांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, प्रोफाइल एक्झेक पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. झेड-व्हीएम रीस्टार्ट झालं की हा गेस्ट, म्हणजे आमचा सर्व्हर, आपोआप लॉगऑन होतो आणि त्याच्या १९१ डिस्कवरचं प्रोफाइल एक्झेक नावाचं स्क्रिप्ट चालतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: आयपीएल २००. त्या रात्री सगळं बरोबर चाललं असतं, आणि कधीतरी झेड-व्हीएमच्या मेंटेनन्सनंतर सर्व्हर जुन्या डिस्कवरून, जुन्या डेटासकट उठला असता. तोवर जुनं स्टोरेज काढलेलं असतं तर उठलाच नसता. मला पहिली शक्यता जास्त भयंकर वाटते, कारण कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

ती ओळ बदलली. मग सरांनीच सुचवलं, "आता ०२०० डिटॅच कर आणि मला लॉगऑफ करून दे. मी ऑटोलॉग करतो, आपोआप उठतो का बघू."

मी डिस्क काढली, लॉगऑफ केलं आणि वाट पाहत बसले. तीन मिनिटांनी एसएसएच लागलं. ऑनलाइन डिस्क दाखवणाऱ्या एलएसडॅस्डीच्या यादीत ०२०० नव्हती.