शाळेत चालेल अशी वडी

जानेवारीत लेकीच्या डब्यातून तिळगुळाच्या चार वड्या जशाच्या तशा परत आल्या. त्या एका पिशवीत बंद केलेल्या होत्या आणि सोबत वर्गशिक्षिकेची अत्यंत नम्र चिठ्ठी होती: शाळेत शेंगदाणे चालत नाहीत, शिवाय वर्गातील एका मुलाला तिळाची अ‍ॅलर्जी आहे, तेव्हा हा पदार्थ कृपया पुन्हा पाठवू नये. टोरांटोजवळच्या या शाळेचा दाण्यांचा नियम आम्हाला प्रवेशाच्या दिवसापासून ठाऊक होता. चूक माझीच होती, आणि बहुधा म्हणूनच मला राग जास्त आला. तिळगूळ साभार परत आल्यावर 'गोड बोला' कोणत्या तोंडाने म्हणायचे?

राग ओसरल्यावर मी नियमाच्या मुळाशी गेलो. टोरांटो ज्या प्रांतात येते, त्या ओंटारियोत 1 जानेवारी 2006 पासून 'सब्रिना कायदा' लागू आहे. दुधाची आणि शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेली तेरा वर्षांची एक मुलगी 2003 मध्ये शाळेत जेवल्यानंतर दगावली, तिच्या नावाने हा कायदा झाला. आणि तिचा जीव दाण्याने नव्हे, तर दुधाच्या लेशमात्र अंशाने गेला. कायद्यात दाण्यांवर बंदी नाही. धोका कमी करण्याचे उपाय हवेत, अशा प्रत्येक मुलासाठी वेगळी योजना हवी आणि शिक्षकांना प्रशिक्षण हवे, असे तो सांगतो. बंदी शाळा आपापल्या घालतात. कॅनडात पाकिटावर ठळकपणे सांगावे लागणाऱ्या अ‍ॅलर्जीकारक पदार्थांत दाणे आणि तीळ तर आहेतच, पण मोहरीही आहे. म्हणजे आमची फोडणीसुद्धा संशयित.

आमच्या वेळी दादरच्या शाळेत असले काही नव्हते, असे मी बायकोला ठणकावून सांगितले. मग आठवले, की चिक्की खाल्ली की ओठ सुजणारा एक मुलगा आमच्या वर्गात होता आणि त्याला आम्ही सगळे नाटकी म्हणत असू. हे मी तिला सांगितले नाही.

तिकडच्या दुकानांत 'दाणेविरहित' असा शिक्का मारलेले बार मिळतात. त्यांतील बऱ्याच बारमध्ये साखरेचा नाहीतर ग्लुकोजचा पाक भरपूर असतो, आणि चॉकलेटचा पातळ थर देऊन त्याला आरोग्यदायी म्हटले जाते. ज्या शहरात लोकलच्या डब्यात चिक्की आणि राजगिऱ्याची वडी विकायला येते, तिथल्या माणसाने अशा बारला डॉलर का मोजावेत? म्हणून शाळेला सुट्टी लागताच जुलैत दादरला आलो, तो आईच्या हाताखाली ही विद्या शिकून वर्षभराची बेगमी करण्याचा बेत आखूनच.

साहित्य ठरले: राजगिऱ्याच्या लाह्या दोन वाट्या, ओट्स एक वाटी, सूर्यफुलाच्या आणि लाल भोपळ्याच्या सोललेल्या बिया अर्धी-अर्धी वाटी, बिनबियांचा खजूर एक वाटी, गूळ शंभर ग्रॅम, तूप दोन चमचे, सुंठ आणि चिमूटभर मीठ. सुके खोबरेही पाव वाटी घातले, कारण कॅनडाच्या यादीत नारळाची गणना कवचाच्या सुक्या मेव्यात होत नाही. त्या देशाने कोकणी माणसावर केलेला हा एकमेव उपकार.

पहिला घाणा मी चिक्कीच्या पाकावर केला. पाण्यात टाकलेला थेंब 'टक्' करून मोडेपर्यंत गूळ उकळला, त्यात सगळे ओतले, आणि जे तयार झाले ते आईने अडकित्त्याने फोडले. दुसऱ्या वेळी घाबरून गूळ नुसता विरघळवला, तर वडी हातात घेताच भुगा झाला. "अरे, लाडवाचा पाक आणि चिक्कीचा पाक यांच्या मधोमध थांबायचं. वाटीतल्या पाण्यात गोळी झाली पाहिजे, पण बोटाने दाबली गेली पाहिजे," असे आई म्हणाली. तापमापक लावला तर हा गोळीबंद पाक साधारण 115 अंश सेल्सियसला येतो. चिक्कीचा त्याच्या बराच पुढे, 150 च्या आसपास. आईने तापमापकाकडे पाहिलेसुद्धा नाही.

तिसरा घाणा जमला. ओट्स मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजले. भोपळ्याच्या बिया टम्म फुगून तडतडू लागताच उतरवल्या. खजूर मिक्सरमध्ये फिरवून तुपावर मऊ केला आणि गोळीबंद पाकात मिसळला. तूप लावलेल्या थाळ्यात मिश्रण वाटीच्या बुडाने अंगातला जोर काढून दाबावे लागते, कारण सैल राहिले की वडी सुटते. गरम असतानाच सुरीने रेघा मारायच्या आणि पूर्ण निवल्याशिवाय हात लावायचा नाही. सोळा वड्या झाल्या, म्हणजे प्रत्येकीत सहा ग्रॅमच्या आसपास गूळ. गूळ पौष्टिक असतो, असे मी लेकीला सांगतो. हिशेबात मात्र तो साखरेतच धरावा लागतो. जुलैची हवा इतकी ओली, की तासाभरात लाह्या मऊ पडू लागल्या, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा काढला.

डबा भरत असताना मला वाण्याचे दुकान आठवले. त्याने शेंगदाण्याच्या पोत्यात खुपसलेले मापच तसेच लाह्यांच्या डब्यात घातले होते. मी पाकीटबंद लाह्या मागितल्या, तेव्हा "काय साहेब, आमच्यावर विश्वास नाही का?" असे तो म्हणाला होता. ओशाळून मी सुट्याच घेतल्या होत्या. आता त्याचे काय करावे, या विचारात मी असतानाच लेकीने शाळेत पढवलेला प्रश्न विचारला: "आजी, या मिक्सरच्या भांड्यात दाणे वाटले होतेस का?"

"दाण्याचं कूट नाही तर काय वाटणार, बाळा?" आईला प्रश्नच कळला नाही. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, सगळ्यांचे कूट त्याच भांड्यातले. तिकडच्या आमच्या मिक्सरचीही तीच कथा आहे, हे मला तेव्हा प्रथम सुचले.

डबा दादरलाच राहणार आहे. आईने एक वडी तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि म्हणाली, "चांगली झाली आहे रे, पण थोडं कूट हवं होतं."