एका बाजूत शिजणारा चीक: रेकॉर्ड्स आणि वाळवणाची उन्हाळी वही

30 मार्च, पाडवा

गुढी उभारून झाली, कडुनिंबाची चटणी खाऊन झाली आणि नव्या वर्षाची पहिली रेकॉर्ड लावली. गीतरामायणाच्या संचातली पहिली. बाबांनी घेतलेला एचएमव्ही कंपनीचा दहा एलपींचा, म्हणजे मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या मोठ्या तबकड्यांचा, संच, त्यातल्या आता नऊच उरल्यात. सातवी कोणीतरी ऐकायला नेली ती परत आली नाही. पहिल्याच गाण्याला आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, बाबूजींचा घसा बसल्यासारखा काय येतोय?"

बाबूजी म्हणजे सुधीर फडके, आणि तिचं बरोबर होतं. फोनवर तेच गाणं लावून पाहिलं, तर माझ्या प्लेयरवरचा सूर जवळजवळ अर्ध्या सुराने खाली. म्हणजे तबकडी हळू फिरतेय. थंडीत जाणवलं नव्हतं, की मीच लक्ष दिलं नव्हतं, सांगता येत नाही. आता मात्र ऐकवेना.

ज्यांनी मागच्या नोंदी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी: माझा प्लेयर जुना चार स्पीडचा आहे, मिनिटाला 16, 33, 45 आणि 78 फेऱ्यांचा. मोटरच्या दांड्यावर एक रबरी चाक टेकतं आणि ते चाक थाळी फिरवतं. सुईचं पातं उलटसुलट होतं. एका बाजूला एलपीची बारीक सुई, दुसऱ्या बाजूला 78 फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डची जाड. उन्हाळ्यात माझं दुसरं वेड सुरू होतं ते वाळवणाचं, आणि ही दोन्ही वेडं एकमेकांत इतकी मिसळली आहेत की वही वेगळी ठेवायचा विचार मी केव्हाच सोडून दिला.

5 एप्रिल

प्लेयर उघडला. थाळी वर उचलली की खाली जो मधला खांब दिसतो, त्यावरचं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं. रॉकेलच्या चिंधीने पुसून काढलं, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. रबरी चाकाची कड काचेसारखी गुळगुळीत झाली होती. ती स्पिरिटने पुसली आणि अगदी बारीक पॉलिश पेपर एकदाच हलक्या हाताने फिरवला. जास्त घासू नका, चाक गोल राहिलं नाही तर सूर लाटांसारखा हलतो आणि त्याला मग इलाज नाही.

आता स्पीड तपासायचा. माझ्याकडे स्ट्रोबचा कागद आहे, गोल चकतीवर 180 काळ्या रेघा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधा पिवळा बल्ब सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो, डोळ्यांना कळत नाही इतकंच. तबकडी मिनिटाला बरोबर 33⅓ फेऱ्या घेत असेल तर त्या उजेडात 180 रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. हळू असेल तर मागे सरकतात, जोरात असेल तर पुढे. 78साठी 77 रेघांची चकती लागते. एलईडी दिव्याखाली हे बहुतेकदा जमत नाही, म्हणून मी एक जुना बल्ब खास याच कामासाठी जपून ठेवलाय.

चकती नसेल तर आणखी सोपी रीत आहे. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजा. 3 मिनिटांत नेमक्या 100 फेऱ्या व्हायला हव्यात. माझ्या आधी 94 होत होत्या, तेल घातल्यावर 100. तिसऱ्यांदा मोजल्यावरही 100 भरल्या तेव्हा मी आईला हाक मारून बोलावलं आणि रेघा दाखवल्या. ती वाकून बघत राहिली. "थांबल्या की रे," म्हणाली.

6 एप्रिल, रामनवमी

आज संच सलग लावला, सातवी वगळून. सुंठवडा आईने केला, मी पन्हं. कैऱ्या कुकरला न लावता पातेल्यात उकडल्या, गर काढला, गराच्या दीडपट गूळ, वेलदोडा, मिठाची कणी, दोन काड्या केशर. साखरेच्या पन्ह्याला रंग येतो पण ती खोली येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

गीतरामायण 1 एप्रिल 1955ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, त्या दिवशी रामनवमीच होती. एकूण 56 गाणी, आठवड्याला एक. रेडिओवर ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा वेगवेगळ्या गळ्यांतून आली. एलपींवर मात्र सगळी एकट्या सुधीर फडक्यांची. आई लहान असताना शेजारच्या घरी रेडिओपुढे बसून ऐकायची. "तुमच्यासारखं उलटून परत लावता यायचं नाही, पुढच्या आठवड्याची वाट बघायची," ती सांगत होती आणि मी बाजू उलटत होतो. पहिलं भूप रागातलं गाणं आज बरोबर सुरात लागलं, आणि तेव्हाच लक्षात आलं की गेले कित्येक महिने मी हे बेसूर ऐकत होतो.

13 एप्रिल, रविवार

जुन्या बाजारात गेलो. सकाळी सातलाच, नाहीतर उन्हात रेकॉर्ड्स तापतात आणि विकणाऱ्याचंही डोकं तापतं. तिथले एक चाचा मला ओळखतात, चांगलं काही आलं की गोणपाटाखाली वेगळं ठेवतात. आज त्यांनी 78च्या सहा रेकॉर्ड्स काढल्या. दोन चिरा गेलेल्या, दोन कसल्याशा प्रचाराच्या भाषणांच्या, एक ओळखू न येणारी, आणि एक हिराबाई बडोदेकरांची, 'उपवनी गात कोकिळा'. बोटांनी कड चाचपली, टवका नाही. तिरप्या उन्हात धरून पाहिली, खोबणी अजून चमकत होत्या. घासाघीस न करता घेतली.

अब्दुल करीम खाँसाहेबांची ही मुलगी. स्वर लावण्याची ती नाजूक रीत तिथूनच आलेली, पण हिराबाईंच्या गळ्यात एक स्वच्छता आहे, धुतलेल्या काचेची. आणि हे सगळं दहा इंची तबकडीच्या एका बाजूत, साधारण 3 मिनिटांत. आपल्याकडचं तबकड्यांचं ध्वनिमुद्रण 1902 साली कलकत्त्यात सुरू झालं, गायिका गौहरजान त्यातल्या पहिल्या काही आवाजांपैकी, आणि तेव्हापासून गवयांना ही मर्यादा पाळावी लागली. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या माणसांना कोण गातंय ते कळावं म्हणून गौहरजान शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. पुढे कित्येकांनी त्या तीन मिनिटांत राग असा बसवला की ऐकल्यावर अपुरं वाटत नाही.

14 एप्रिल

ही नोंद लिहायला जड जातंय, पण तुमच्यापैकी कोणाची रेकॉर्ड वाचावी म्हणून लिहितो.

काल संध्याकाळी हिराबाईंची रेकॉर्ड पुसायला घेतली. टेबलावर थोड्याच वेळापूर्वी रबरी चाक पुन्हा पुसलेली चिंधी पडली होती. स्पिरिट उडून गेलं असेल असं धरून मी त्याच चिंधीने कडेची धूळ टिपली. ती पूर्ण वाळलेली नव्हती. बोटाएवढ्या भागावर काळी चमक गेली आणि राखाडी, खरखरीत डाग उठला.

78च्या जुन्या रेकॉर्ड्स लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार फर्निचरला पॉलिश करायला लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्येच भिजवतात, तेच. हे मला माहीत होतं. एलपी प्लास्टिकची, तिला पातळ केलेलं स्पिरिट चालून जातं, म्हणून हाताला सवय लागली होती. आता सुई ठेवली की सुरुवातीच्या काही फेऱ्या फस्स असा आवाज येतो आणि पेटीचे पहिले सूर त्यात बुडतात. हिराबाईंचा स्वर त्यानंतर लागतो, तो शाबूत आहे.

नवा नियम: लाखेच्या रेकॉर्डला फक्त डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबलला पाणी लागू न देता. मग सुती पंचाने टिपायची आणि सावलीत उभी ठेवायची. स्पिरिटची बाटली आणि चिंध्या दुसऱ्या खोलीत गेल्या.

22 एप्रिल

मेथांबा झाला. कैरीच्या फोडी, मेथीदाण्याची फोडणी, तिखट, गूळ. मेथी तांबूस होऊ द्यायची, काळी नको. पाच मिनिटांचं काम, 78च्या दोन बाजूंत होतं, मधला उलटायचा वेळ धरून. बाकी काही विशेष नाही. तक्कूही केला, तो त्याच दिवशी संपला.

30 एप्रिल, अक्षय्य तृतीया

दुपारी आमरस, संध्याकाळी काहीच खाल्लं नाही. रात्री दोन किलो गहू भिजत घातले. उद्यापासून रोज पाणी बदलायचं.

3 मे

कुरडयांची तयारी. तीन दिवसांत गहू इतके फुगलेत की चिमटीत दाबल्यावर दुधासारखा पांढरा थेंब येतो. वास आंबूस येतो, पण वाईट नाही. मिक्सरवर वाटले, हातांनी पिळून चोथा वेगळा केला, फडक्यातून दोनदा गाळलं. आता मोठ्या पातेल्यात रात्रभर ठेवलंय, तळाशी चीक बसेल. वाटताना रेकॉर्ड लावत नाही. मिक्सरच्या आवाजात काही कळत नाही आणि ओट्याचा हादरा भिंतीतून सुईपर्यंत पोचतो.

4 मे, रविवार

पाचला उठलो. वरचं पिवळसर पाणी हलकेच ओतून टाकलं, खाली घट्ट पांढरा चीक, खरवडावा लागेल असा. जेवढा चीक तेवढं पाणी, मीठ, हिंग. पाणी खळखळलं की चीक पातळ करून एका हाताने सोडायचा, दुसऱ्या हाताने ढवळायचं. इथून पुढे हात थांबवायचा नाही.

सुईही याच वेळी ठेवली. सकाळची वेळ, म्हणून बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईतला राग तोडी. प्लेयर दुरुस्त झाल्यावर मी ही बाजू घड्याळ लावून मोजली होती, 21 मिनिटं. चीक शिजायलाही तेवढाच वेळ लागतो, आणि तो वेळ सनईच्या चालीने मोजता येतो. पहिल्या आलापीत चीक पांढरा, सैल. तबला सुरू होईपर्यंत तळाला धरू लागतो, तेव्हा आच कमी करायची. लय वाढते तसा चीक जड होत जातो, लाकडी दांडा दोन्ही हातांनी धरावा लागतो. शेवटाकडे पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक येते, कडा पातेल्यापासून सुटतात. पूर्वी मी आईला दर दोन मिनिटांनी "झाला का?" विचारायचो. आज सनई थांबली, सुई शेवटच्या खोबणीत टकटक करू लागली, आणि आईने चिमटीत चीक घेऊन बघितला. "झाला," एवढंच म्हणाली.

94 फेऱ्यांच्या प्लेयरवर हीच बाजू सव्वा मिनिट जास्त चालली असती. चिकाला तेवढ्याने काही झालं नसतं. पण तोडी खालच्या पट्टीत ऐकत ढवळणं मला आता जमलं नसतं.

गरम असतानाच सोऱ्यात भरला. गच्चीवर जुनी सुती साडी ओली करून अंथरली होती, त्यावर कुरडया घातल्या. दोन किलो गव्हाच्या 110 भरल्या. पातेल्याला लागलेला चीक दूध-साखर घालून खाल्ला, शेजारच्या काकूंना वाटीभर दिला. त्या तेल-तिखट घालून खातात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

दुपारी बारा ते दोन राखण माझ्याकडे. कबुतरं फार झालीत. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, खिडकी उघडी ठेवली की गच्चीवर ऐकू येतं. भीमसेनजींचा राग वृंदावनी सारंग लावला, 'तुम रब तुम साहिब'. सारंगाची वेळ भर दुपारची का, हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. पत्रा तापलेला, सावली पायाखाली गोळा झालेली, कुठेच हालचाल नाही, आणि तो लांब टिकणारा रिषभ, म्हणजे 'रे'. बाजू संपली की खाली धावायचं, उलटायचं, पुन्हा वर. तेवढ्यात कबुतरांनी दोन कुरडया नेल्या.

एक सूचना: वाळवणाला जे ऊन हवं तेच रेकॉर्डचं वैरी. एलपी उन्हात तापलेल्या खिडकीशी अर्धा तास राहिली तरी कड वाकू शकते. गच्चीवर सगळं पसरलेलं असतं तेव्हा खाली रेकॉर्डच्या कपाटावर जाड पडदा ओढलेला असतो, आणि रेकॉर्ड्स उभ्याच, एकावर एक नाही.

21 मे

साबुदाण्याच्या पापड्या घातल्या आणि दोन तासांत आभाळ भरून आलं. प्लास्टिकसकट उचलून घरात आणल्या, पंख्याखाली वाळवतोय. बटाट्याचा कीस यंदा राहणार.

26 मे

पाऊस परवा केरळात आला, आज मुंबईत आणि आमच्याकडेही. मे संपायच्या आत मान्सून. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, लाखेच्या रेकॉर्ड्सची कागदी कव्हरं बदलली, दमट कव्हराची बुरशी खोबणीत शिरते.

संध्याकाळी पहिल्या कुरडया तळल्या. वाळलेली कुरडई तेलात पडली की क्षणभर बुडते आणि मग चौपट होऊन वर येते, पांढरीशुभ्र. आईने एक मोडून कानाजवळ नेली, नुसती कुरकुर ऐकायला. मी केसरबाई केरकरांची भैरवी लावली, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची हीच भैरवी 1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून अंतराळात गेली. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या. त्या तबकडीचा स्पीड 16⅔ आहे, माझ्या प्लेयरच्या खटक्यावरचा तो 16, जो मी आजवर कधीच वापरलेला नाही. आज पहिल्यांदाच नुसती रिकामी थाळी त्या स्पीडला फिरवून पाहिली. 3 मिनिटांत 50 फेऱ्या, चोख.

सातवी एलपी अजून मिळालेली नाही. कोणाकडे गीतरामायणाच्या संचातली सुटी सातवी असेल तर कळवा, बदल्यात मेथांब्याची बरणी आणि दोन डझन कुरडया देईन.