वरीवर बांगडा

लेकीने पुण्याहून फोटो पाठवला. पांढराशुभ्र खोलगट वाडगा, तळाला किन्वा, त्यावर साल्मनचा गुलाबी तुकडा, कडेला अवाकाडोच्या फोडी. खाली एक ओळ : ‘बाबा, तुझ्या हार्टसाठी. करून बघ.’

किन्वा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला. साल्मन परदेशातून बर्फात बसून येतो आणि त्याचा भाव ऐकूनच छातीत कळ येते. आमच्या फ्रिजमध्ये सकाळीच आणलेले बांगडे होते, आणि डब्यात नवरात्रातली उरलेली वरी. ही दुपारची आडवी झालेली. ओटा मोकळा.

वरी कोरडीच भाजून दुप्पट पाण्यात शिजत घातली. बांगड्यांना हळद, आगळ, आलं-मिरची-कोथिंबिरीचं वाटण चोळलं, कुंडीतल्या हळदीच्या पानात गुंडाळलं आणि तव्यावर झाकण ठेवून दिलं. तेल नावाला. हळदीचं पान तापलं की जो वास सुटतो, त्याने शेजारच्या बिल्डिंगमधली मांजरंसुद्धा जागी होतात. ही तर आतल्या खोलीतच होती.

‘काय चाललंय?’ तिने झाकण उचललं, मग दुसरं उचललं. ‘अहो, भगरीवर बांगडा?’

ही साताऱ्याची. तिच्या लेखी भगर म्हणजे एकादशी, शेंगदाण्याची आमटी आणि देवघर. मी म्हटलं, अगं, आमच्याकडे कोकणात वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक हेच पिकायचं. डोंगरउतारावरच्या माणसाला रोजचा भात कुठून परवडणार? तो वरीच खायचा, आणि मिळाला तर बरोबर मासाही खायचाच की! तिला इतिहास पटला नाही. ‘पातेलं तुम्हीच घासा, तेही वेगळं,’ एवढं बोलून ती चहा टाकायला लागली.

डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिलंय : आठवड्यातून दोनदा मासे, शक्यतो तेलकट, तळलेले नकोत. दोनदा! सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि अख्खा श्रावण वगळूनही मालवणी माणूस हा कोटा सहज पुरा करतो. गंमत अशी की, ज्या ओमेगा-३ साठी एवढा आटापिटा, ते पापलेटापेक्षा बांगड्यात आणि तारलीत जास्त. आणि आमच्याकडे पाहुणा आला की तारली लपवून ठेवायची पद्धत. पाहुण्याला पापलेट, घरच्यांना ओमेगा.

सगळं वाडग्यात रचलं. वरी, काकडी, मोडाचे मूग, वर बांगडा. सोलकढीऐवजी फुटी कढी, कारण नारळाच्या दुधाला कागदावर फुली आहे. फोटो काढला, पाठवला, आणि पहिला घास घेतल्यावर लक्षात आलं की वाडग्याला कडच नाही.

काटे कुठे ठेवायचे?

हा प्रश्न त्या साल्मनवाल्यांना पडत नाही, त्यांचा तुकडा काटे काढूनच येतो. बांगड्याला मासे खाणाऱ्याचं ताट लागतं, चांगलं रुंद कडेचं. आमचे आजोबा पाटावर बसून बांगडा खात, तेव्हा आम्ही पोरं बघत बसायचो. ते आधी कडेचे बारीक काटे बोटाने खरवडून काढत, मग वरची बाजू उलगडत आणि मधला काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत सबंध उचलत. तो ताटाच्या कडेला आडवा. बाकीचे त्याच्याशेजारी ओळीने. जेवण संपेपर्यंत ताटाच्या कडेला एक अख्खा बांगडा पुन्हा तयार झालेला असे, फक्त मांसाशिवाय. मी एकदा काटे भातातच ठेवले, तर आजी ओरडली, ‘रे, काटे खंय ठेवतंस? तोच घास परत तोंडात जातलो मां!’ मग तिने माझ्या ताटातला बांगडा सोडवून दिला, आणि माझ्या भावाने लगेच आपलंही ताट पुढे सरकवलं. घशात काटा अडकला तर कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, हा तिचा उपाय. पावसात होडी बाहेर पडायची नाही तेव्हा पेज आणि भाजलेला खारा बांगडा. आताच्या हिशेबाने तीही ‘धान्य आणि मासा’ वाडग्यातच यायची. फक्त त्या एका बांगड्यात इतकं मीठ, की दिवसाचा ५ ग्रॅमचा वाटा सकाळीच संपला असता.

मी वाडगा सरळ ताटात उपडा केला. ही बघत होती. म्हणाली, ‘मग एवढं रचलंत कशाला?’ तेवढ्यात लेकीचं उत्तर आलं, ‘वॉव!’ तिला काट्यांचं कळवलं नाही.

चव? वरीला स्वतःचं मत नसतं, ती आगळाचा आंबटपणा गपगुमान घेते. उकड्या भाताची सर नाही. पण वाईट मुळीच नव्हतं, आणि हिने ‘बघू जरा’ म्हणत एक बाजू संपवली. भगर मात्र बाजूला सारून.

पूर्वीचे लोक कसं आपोआप पथ्याचं खायचे, असं मी तिला सांगायला लागलो होतो. मग आठवलं की आजोबा गेले ते हार्ट अटॅकनेच. जन्मभर बांगडे खाल्ले, मैलोन् मैल चालले, आणि विडीही सोडली नाही. मी विषय बदलला.

बुधवारी तारली बघतो, स्वस्त असली तर.