पत्रे ठोकायच्या आधी पथारी कागदावर आणताना

आमच्याकडे मदत मागायला येणारे बहुतेक पथारीवाले जुन्या वस्तू विकणारे: पाने, पक्कड, मोटारींचे सुटे भाग, घड्याळं, पितळी भांडी. पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार असतो, तशा आठवडी बाजारात बसणारे. पुलाचं किंवा मेट्रोचं काम निघालं की आधी यांनाच हलवतात. विक्रेत्यांचं सर्वेक्षण करणारी पालिकेची माणसं एरवीच्या दिवशी येऊन जातात, तेव्हा तो रस्ता मोकळा असतो. मग यादीत नाव नाही, प्रमाणपत्र नाही आणि सुनावणीत विचारायला माणूसही नाही.

म्हणून पहिलं काम आम्ही स्वतः यादी करण्याचं ठेवतो, तेही बाजाराच्या दिवशीच. ३० मीटरचा टेप घ्यायचा, नंबर असलेला विजेचा खांब धरायचा आणि तिथून प्रत्येक पथारीचं अंतर व रुंदी लिहायची. नाव, माल, किती वर्षं बसतात आणि डाव्या-उजव्या शेजाऱ्याची सही. ही शेजाऱ्याची सही फार कामाची. जुनी बाजार फीची पावती शंभरात मोजक्यांकडेच निघते, पण साखळीने एकमेकांना ओळखणारी चाळीस माणसं खोटी ठरवणं अवघड जातं. फोटो खांबासकट काढायचे. नुसत्या ताडपत्रीचा फोटो कुठलाही असू शकतो.

मग अर्ज. २०१४च्या पथविक्रेता कायद्यात कलम ३ सांगतं की सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. कलम १८ प्रमाणे हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. दुसऱ्या अनुसूचीत तर पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार (म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेने जमतात ती जागा) वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं स्पष्ट आहे. जुन्या बाजारांसाठी यापेक्षा भक्कम आधार नाही, तरी तो अर्जात क्वचितच मांडलेला दिसतो. अर्जाच्या प्रती पालिका, काम करणारी यंत्रणा आणि वाहतूक पोलीस अशा तिघांना द्याव्यात, कारण ठेकेदार पालिकेकडे बोट दाखवतो आणि पालिका यंत्रणेकडे. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात त्या रस्त्याची सर्वेक्षण यादी आणि नगर पथविक्रेता समितीच्या बैठकांचं इतिवृत्त मागावं. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत. इतिवृत्तावरच कळतं, त्यांना विचारलं होतं की नाही.

पालिकेने माल उचलला तर खरी अडचण जप्तीच्या पावतीत असते. कलम १९ प्रमाणे जप्त मालाची यादी करून सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. प्रत्यक्षात पावतीवर येतं ‘भंगार, १ गोणी’. त्या गोणीत दोन ड्रिल मशीन आणि पान्यांचा सेट असला, तरी परत मागताना सिद्ध काय करणार? गाडी येताच माल पसरलेला असतानाच व्हिडिओ काढावा आणि पावतीवर नग लिहून घ्यावेत: ड्रिल २, पाने १४, पंखा १. नाशवंत नसलेला माल मागणी केल्यापासून दोन कामाच्या दिवसांत, शुल्क भरून, परत मिळायला हवा. मुदत मागणीपासून मोजतात, म्हणून मागणी त्याच दिवशी लेखी द्यावी.

पर्यायी जागा दाखवतात तेव्हा क्षेत्रफळावर भुलू नये. जुन्या वस्तूंचं गिऱ्हाईक फिरून घेणारं असतं. पान्यांसाठी आलेला माणूस शेजारी बेअरिंग पाहतो. बाजार तीन ठिकाणी वाटला की तिन्ही मोडतात. चिठ्ठ्या टाकायच्याच असतील तर एकेका माणसाच्या नव्हे, रांगेच्या टाका, म्हणजे मालाचा शेजार टिकतो. टेम्पो आत येतो का, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, पावसाचं पाणी साचतं का, हे समितीच्या सदस्यांना तिथे उभं करून दाखवावं.

पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेचं कर्ज भांडवल पुन्हा उभं करायला उपयोगी पडतं आणि त्यासाठी पालिकेचं शिफारसपत्र चालतं. पण ते कर्ज आहे. हलवताना मालमत्तेचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद दुसऱ्या अनुसूचीत वेगळी आहे. ती मागणी कर्जाच्या अर्जात मिसळू देऊ नये.

परतीचं तोंडी आश्वासन धरू नये. काम संपल्यावर त्याच जागी, त्याच क्रमाने बसवण्याचा ठराव समितीकडून करून घ्यावा आणि आपला खांबापासून मोजलेला नकाशा त्याला परिशिष्ट म्हणून जोडून घ्यावा. खांब कामात निघणारच असेल, तर कामाभोवती पत्रे ठोकायच्या आधी समोरच्या पक्क्या इमारतीच्या कोपऱ्यापासूनही अंतरं घेऊन ठेवावीत.