कोल्हा जेवतो काय?

कार्टूनच्या जंगलात सगळं असतं. पाऊस असतो, बर्फ असतो, कुऱ्हाडवाला दुष्ट माणूस असतो, तिसऱ्या गाण्यानंतर हमखास येणारा पूर असतो. नसते ती फक्त जेवणाची वेळ. म्हणजे खारुताई दाणे खाते, ससा गाजर खातो, त्यावर दोन विनोदही होतात. पण कोल्हा? तो बिचारा सगळ्यांच्या मदतीला धावतो, हरवलेल्या खारुताईला पाठीवर बसवून ओढा ओलांडतो, आणि सिनेमा संपेपर्यंत उपाशी!

हा मुद्दा माझा नाही, भाचीचा. मध्यंतरात तिने विचारलं, "आत्या, कोल्हा जेवतो काय?" हातातल्या पॉपकॉर्नच्या पैशांत दोघींची मिसळ, वर जिलबीही झाली असती, असा हिशेब मी करत होते. त्या नादात म्हणून गेले, "मश्रूम." तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. निफाडला आजीच्या खुराड्यावर कोल्ह्याची धाड पडली होती, तेव्हा सकाळी अंगणभर पसरलेली पिसं या मुलीने पाहिलेली आहेत. तिला मश्रूम कुठून पटणार?

उत्तरार्धात मग गोष्ट राहिली बाजूला, मी पंगतच बघत बसले. घुबड गुरुजी झालं होतं. नाकावर चष्मा, आणि उंदराची पोरं पहिल्या बाकावर. आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांचं बिऱ्हाड होतं. खाली काळपट, बोटभर गोळ्या पडायच्या. काडीने उकलली की आत उंदराचे केस, मुंगीएवढे दात आणि कधीकधी अख्खी कवटी. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचणारं तोंडावाटे गोळी करून टाकतं. अशा गुरुजींच्या वर्गात पट किती दिवस टिकणार?

बघता बघता नियम सापडला. ज्याला नाव आहे आणि लांब पापण्या आहेत, त्याला कुणी खायचं नाही. अळ्या, किडे, मासे हे सगळे बिननावाचे, त्यांचा घास चालतो. 'द लायन किंग'मध्ये (1994) सिंह बाप छाव्याला सरळ सांगतो की आपण हरणं खातो, आपण मेलो की आपलं गवत होतं, ते हरणं खातात. इतकं स्वच्छ कुठलं पाठ्यपुस्तकही सांगत नाही. पण पुढे तोच छावा घर सोडतो आणि किडे खाऊन मोठा होतो. आयाळ मात्र कुठे कमी पडत नाही! त्याआधीचा 'बॅम्बी' 1942चा. पाडसाच्या अंगाची ठेवण नीट उतरावी म्हणून चित्रकारांसमोर खरी पाडसं आणून ठेवली होती. त्यात आईही मरते, पण कुणाच्या भुकेपायी नाही, शिकाऱ्याच्या गोळीने. आणि तो शिकारी पडद्यावर दिसतच नाही. मरण दाखवायला हरकत नाही, पण जेवण दाखवायचं नाही, असा काहीसा शिष्टाचार असावा.

निर्जीव वस्तू पडद्यावर चालवायचा खेळ आपल्याकडे मांडला तो त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी, 1915च्या सुमारास, आगकाड्या नाचवून. आगकाड्यांना पोट नसतं, ही त्यांची सोय.

आजीच्या गोष्टींनी ही लपवाछपवी कधी केली नाही. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला रानात कोल्हा आणि वाघ आडवे येतात ते काही मैत्री करायला नव्हे. आणि म्हातारीही त्यांना प्रेमाच्या गोष्टी सांगत नाही. ती व्यवहार करते: लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग मला खा. वाघाला ते पटतं, कारण हाडांवर मांस नाही हे त्यालाही दिसतंय. परतीच्या वाटेवर 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' करत ती सटकते. चार वर्षांच्या पोराला हे सगळं कळतं, आणि त्याची झोपही उडत नाही. मला विचाराल तर खारुताईपेक्षा ही म्हातारी पुष्कळ धीट.

रिक्षात बसल्यावर भाचीला मी आमच्या इकडची गोष्ट सांगितली. यात गाणी नाहीत. निफाडकडे बिबट्याची मादी उसात विते. दाट आडोसा असतो, पाणी जवळ, आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या हाकेच्या अंतरावर. मग ऊसतोड सुरू होते. कोयते पुढे सरकतात आणि पाचटात डोळेही धड न उघडलेली बछडी सापडतात. वनखात्याची माणसं येतात, डॉक्टर तपासतात, आणि संध्याकाळी पिल्लं प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये घालून त्याच वावरात ठेवतात. तेच कॅरेट, ज्यातून टोमॅटो पिंपळगावच्या मार्केटला जातात. कॅमेरा लावायचा, माणसं लांब करायची. बहुतेक वेळा रात्री आई येते, कॅरेट कलंडवते, एकेकाला मानेला धरून घेऊन जाते. एका खेपेत एकच नेता येतं, त्यामुळे दुसरं पिल्लू तोवर कॅरेटमध्ये एकटंच.

"आणि मग ती जेवते काय?"

"कुत्रं. शेळी. कोंबडी सापडली तर कोंबडी."

ती अशोकस्तंभ येईपर्यंत गप्प होती. पुढच्या सुट्टीत आजीकडे गेली आणि पहिल्याच दिवशी खुराड्यातल्या झाडून सगळ्या कोंबड्यांची बारशी उरकली. नाव असलं की कुणी खात नाही, हे तिने सिनेमात नीट पाहून ठेवलं होतं. तुऱ्याची एक बाजू पडलेली ती कमळी, पायात पिसं असलेली ती शकू, आणि सारखी अंगावर येणारी, तिचं नाव आत्या.

आजीने सगळी नावं शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, "बरं, रविवारी पाहुणे आहेत. त्यातली आत्या कुठली म्हणालीस?"